शिकागोमार्गे

परवा एका लग्नात ‘पाहुण्यांनी जेवल्याशिवाय जाऊ नये’ एवढंच सांगायला कुणीतरी त्याच्या हातात माईक दिला आणि पानातलं वरण गार झालं. ‘सन्माननीय व्यासपीठ’ हे शब्द कानावर आले तसा मी पंगतीतून मान वर केली. व्यासपीठावर नवरा, नवरी आणि अक्षतांचं ताट. बावीस वर्षांनी दिसत होता, पण शंका नव्हती. शेजारच्या काकांना मी म्हटलं, “चार मिनिटांत शिकागो येईल बघा.” तिसऱ्याच मिनिटाला आलं.

तुमच्याही कॉलेजात हा होताच. झब्बा, खांद्याला शबनम, शबनममध्ये कात्रणांची वही आणि घशासाठी खडीसाखर. आपला वर्ग कुठल्या खोलीत भरतो हे त्याला ठाऊक नसायचं. पण कुठल्या तालुक्याला कुठला फिरता करंडक, जेवणाची सोय कुठे आणि एसटीचं भाडं एका बाजूचं देतात की दोन्ही, हे तोंडपाठ. आम्ही त्याला ‘सन्माननीय’च म्हणायचो. आवाज प्राचार्य शिवाजीराव भोसल्यांची व्याख्यानं ऐकून घोटलेला. मूळचा कसा होता, ते त्याच्या आईलाच माहीत.

हे सगळं चालवून घेतलं असतं. पण शिकागो! विषय कुठलाही असो, याची गाडी शिकागोमार्गेच जायची. ‘हुंडा : एक कलंक’? ज्या देशाच्या सुपुत्राने परक्या बायकांना भगिनी म्हटलं, त्याच देशात... झालं, शिकागो. ‘सहकारी साखर कारखानदारी’? साखर म्हणजे गोडवा, आणि गोड वाणीने जग जिंकता येतं हे ११ सप्टेंबर १८९३ रोजी कुणी दाखवलं? ‘दुष्काळ’ या विषयात तरी हा अडकेल असं मला वाटलं होतं. तिथे त्याने पाण्यावरून समुद्र गाठला, समुद्रावरून ३१ मे १८९३ ला मुंबईहून निघालेलं जहाज पकडलं आणि इशाऱ्याची घंटा व्हायच्या आत सर्वधर्मपरिषदेत उतरला.

उत्स्फूर्त स्पर्धेत एकदा चिठ्ठी निघाली, ‘तुटलेली चप्पल’. मी मागच्या बाकावर हात चोळत बसलो. दोन मिनिटं विचार करून हा उभा राहिला आणि म्हणाला, “अनवाणी पायांनी हा देश तुडवून एक संन्यासी कन्याकुमारीला पोचला...” पुढचा मुक्काम सभागृहाने ओळखला. पहिला नंबर.

माझं दुःख वेगळंच होतं. वादविवादात एका कॉलेजचे दोघं, एक अनुकूल आणि एक प्रतिकूल. अनुकूल बाजू कायम त्याची. ‘तिथे शिकागो नीट बसतं,’ हे कारण. म्हणजे विषय दूरदर्शनचा असो नाहीतर धरणांचा, मी बोलायला उभा राहिलो की विवेकानंदांच्या विरोधात! एका गावात तर माझं भाषण संपल्यावर परीक्षकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “बाळ, घरी सगळं ठीक आहे ना?”

न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेत एक दिवस आपलंही नाव लागणार, असं तो एसटीत अर्ध्या झोपेत म्हणायचा. त्या भाषणाचा विषय ठरला नव्हता. शेवट ठरला होता.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. खरं तर सांगणार नव्हतो.

शेवटच्या वर्षी एका स्पर्धेत आमच्या आधी एका खेड्यातल्या कॉलेजची मुलगी होती. पहिल्यांदाच आलेली. नाव पुकारायला दोन स्पर्धक उरले, तेव्हा ती मागे सतरंज्यांच्या ढिगाजवळ बसून रडत होती. कागदाचा बोळा झालेला. सर समजावून थकले. हा उठून तिच्याजवळ गेला. मी म्हटलं, संपलं, आता त्या पोरीलाही शिकागो.

शिकागोच होतं. पण मी कधीच न ऐकलेलं. आवाजही निराळा, कुणाचाही न घेतलेला. “त्या दिवशी तो माणूस सकाळपासून बसून होता,” हा सांगत होता. “नाव पुकारलं की म्हणायचा, आत्ता नको. पुन्हा पुकारलं, आत्ता नको. छातीत धडधड, जीभ कोरडी. बाकीच्यांनी भाषणं लिहून आणलेली, याच्याकडे काहीच नाही. दुपार झाली तेव्हा कुठे उठला. तू तर कागद आणलायस.” आणि खडीसाखरेचा खडा तिच्या हातावर ठेवला. तो कधी मलासुद्धा मिळाला नव्हता.

ती बोलली. मध्ये एकदा अडली, तेव्हा सभागृहात पहिली टाळी याचीच पडली. निकालात तिला तिसरा क्रमांक, याला उत्तेजनार्थ, मला विवेकानंदविरोधक म्हणून काहीच नाही.

परतीच्या एसटीत त्याने परीक्षकांचा यथासांग उद्धार केला. “त्यांना शिकागो कळलंच नाही,” म्हणाला.

“तिला सांगितलंस ते स्टेजवर का नाही सांगत कधी?” मी विचारलं.

“त्याला टाळी नाही रे,” तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला. पुढचा थांबा येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. मी सवयीने घड्याळ लावलं होतं : नऊ मिनिटं. घंटा वाजवावीशी वाटली नाही.