कार्डाची वारसनोंद

ऑफिसातल्या फोन एक्स्चेंजचे बिघडलेले मेमरी कार्ड बदलणे हे तांत्रिक काम आहे, असा सार्वत्रिक गैरसमज आहे. खरे तर ते महसूल खात्याचे काम. एसडी कार्डाची लांबी 32 मिलिमीटर, रुंदी 24. म्हणजे जागा टपाल तिकिटाएवढी, पण भानगड भावकीच्या बांधाएवढी. अवाया कंपनीच्या ‘आयपी ऑफिस 500 व्ही2’ या एक्स्चेंजचेच बघा. त्याच्या पाठीला कार्डांची दोन घरे असतात. ‘सिस्टीम’ लिहिलेल्या घरातल्या कार्डात कोणत्या टेबलाला कोणते एक्स्टेंशन, ऑफिस सुटल्यावर वाजणारा फोन कोणाच्या गळ्यात, साहेब जागेवर नसताना लागणारा मंजुळ आवाज, हे सगळे असतेच. शिवाय त्याला एक क्रमांक असतो आणि पैसे मोजून घेतलेली लायसन्स त्याच क्रमांकाच्या नावावर चढलेली असतात. थोडक्यात, कार्ड हा त्या यंत्राचा सातबारा.

व्यवहारी माणूस म्हणेल, एवढे कशाला? कोपऱ्यावरच्या दुकानातून चौपट जागेचे कार्ड आणा, जुन्यावरचे त्यावर उतरवा, संपले. उतरते की! फायली उतरतात, क्रमांक तेवढा उतरत नाही. सातबाऱ्याची झेरॉक्स काढून जमीन आपली होत असती, तर महाराष्ट्रात कोणी भूमिहीन उरला नसता. कार्ड कंपनीचेच लागते, आणि त्याचा क्रमांक वेगळा म्हणून लायसन्सचा फेरफार करावा लागतो. त्यातही घराणे पाहावे लागते. आवाजाचे आकडे करताना भारत-युरोपात ‘ए-लॉ’ चालतो, अमेरिका-जपानात ‘म्यू-लॉ’. कार्ड आपल्या घराण्याचे हवे.

हा सगळा कंपनीचा लोभ, असा दुसरा आक्षेप. लोभ आहेच. पण क्रमांकाची ही गाठ नसती, तर एका लायसन्सवर अख्खी एमआयडीसी बोलली असती, हे आपण आपल्याला ओळखून असल्यामुळे मान्य केले पाहिजे. तिसरी शंका जास्त रास्त: ज्यात काही हलतच नाही, ते कार्ड बिघडते कसे? फ्लॅश मेमरीचा प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुसून लिहिता येतो. निरोप ठेवा, पुसा, पुन्हा ठेवा; पाटी झिजते. वर अपमृत्यूही असतातच. कार्ड आधी शटडाऊन करावे, दिवा विझला की मगच काढावे, असा नियम; पण काही हात ते दाढ उपटावी तसे ओढतात.

म्हणून वारसाचा विचार जुने कार्ड धडधाकट असतानाच करायचा. शेजारच्या दुसऱ्या घरातल्या कार्डावर त्याची नक्कल ठेवता येते. लायसन्स ही स्थावर मालमत्ता, तिच्या नोंदीला खेटे घालावेच लागतील. पण नावे, नंबर, निरोप हे जंगम तरी वाचते. नाहीतर फोन उचलून ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ हे आपल्यालाच म्हणावे लागते, आणि माणसाच्या तोंडून ते कोणालाही खरे वाटत नाही.