गुरुत्वाकर्षण ९८०

पृथ्वी घडवताना गुरुत्वाकर्षण नेमकं किती ठेवावं, यावर देवाचं डोकं दुखलं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. भाचा गेम बनवायला बसला आणि तसं वाटू लागलं. गोदो नावाच्या गेम इंजिनात प्रोजेक्ट सेटिंग्ज उघडल्या की फिजिक्सच्या भागात एक चौकट दिसते आणि तिच्यात गुरुत्वाकर्षणापुढे ९८० लिहिलेलं असतं. त्रिमितीच्या खेळाला तेच ९.८, म्हणजे आपण शाळेत घोकलेलं. द्विमितीत मीटरऐवजी पिक्सेल मोजायचे म्हणून शंभरपट. ते कुठल्या दिशेनं ओढणार याचीही वेगळी चौकट आहे, म्हणजे मनात आलं तर माणसं आभाळात पाडता येतात. भाच्यानं माझ्यादेखत ९८० पुसून शून्य केलं. त्याच्या खेळातल्या पोराला एक नाला उडी मारून ओलांडायचा आहे. तो उसळला तो उसळलाच. मृगात चुकून आलेल्या आणि गावाला न विचारता निघून गेलेल्या ढगासारखा पडद्याच्या वरच्या कडेतून दिसेनासा झाला. भाचा त्याच्या जाण्याकडे जरा वेळ बघत राहिला. "मामा, होतं तेच बरं होतं," म्हणाला आणि चौकटीशेजारचा वळलेला बाण दाबून त्यानं जग पूर्ववत केलं. बदललेल्या प्रत्येक सेटिंगपाशी असा एक बाण उगवतो. दाबला की मूळचं परत. इतकी क्षमाशील सोय मी कुठल्याही सरकारी अर्जात पाहिलेली नाही.

हे सगळं केनवडला, मालेगावहून मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या माझ्या बहिणीच्या घरी, श्रावणाच्या झडीत चाललेलं. डवरणी आटोपलेली, फवारणी पावसानं अडवलेली, सोयाबीन फुलावर. शेतात जायचं तर चिखल गुडघ्यापर्यंत आणि घरात बसायचं तर आजीचे प्रश्न. पोरानं लॅपटॉप उघडला. लॅपटॉप जुना, दुसऱ्याच्या हातून उतरलेला. पण गोदो अशांना नाकारत नाही. एकच फाइल उतरवायची, इन्स्टॉल करण्याची भानगड नाही, आणि चित्रं रंगवण्याच्या तीन पद्धतींपैकी ‘कॉम्पॅटिबिलिटी’ नावाची गरिबाघरची पद्धत निवडली की थकलेलं यंत्रही कण्हत का होईना चालू लागतं. इथवर खेळ बनवण्याची तयारी झाली. मग सुरू झालं एडिटर सुधारणं. अक्षर मोठं केलं. मग किंचित लहान. पार्श्वभूमी काळी, मग निळसर काळी, मग पहिल्यापेक्षा वेगळी आहे असं फक्त त्यालाच दिसेल अशी काळी. डावीकडची खिडकी उजवीकडे नेली, उजवीकडची खाली. मधूनच तळाशी पट्टी येई की बदल लागू व्हायला एडिटर पुन्हा सुरू करावा लागेल. तो पुन्हा सुरू होईस्तोवर लाइट जाई. आजी दारातून विचारी, "झाला नाही का रे तुहा खेळ अजून?" आणि हा मान वर न करता म्हणे, "सेटिंग लावून राह्यलो, आजी."

मी मामा असल्यानं उपदेश करणं भाग होतं. आधी खेळ कर, सजावट मग, असं काहीसं मी म्हणालो. त्यावर त्यानं दिलेलं उत्तर मला अजून खोडता आलेलं नाही. "मामा, हा एडिटर पण गोदोमध्येच बनवला आहे. हे बटण, ही खिडकी, हे सगळं ज्यातून गेम बनते त्यातूनच बनलं." चौकशी केली तर ते शब्दशः खरं निघालं. म्हणजे पोरगा खेळच सुधारत होता, फक्त ज्यात नाला नाही असा. हे इंजिन अर्जेंटिनातल्या हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सूर या दोघांनी रचलं आणि २०१४मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. नाव घेतलं बेकेटच्या नाटकातल्या, ज्याची वाट पाहिली जाते आणि जो येत नाही त्या गोदोचं, कारण इंजिनात अजून काही हवं ही इच्छा कधी संपायची नाही. पावसाची, एसटीची आणि थ्री-फेजची वाट पाहणाऱ्या तालुक्यात हे नाव कुणाला समजावून सांगावं लागू नये.

आमच्या लहानपणी सेटिंग्ज टीव्हीच्या पोटात असत. ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. आवाजाचं बटण दर्शनी भागात, कुणीही फिरवावं असं. आणि खाली एक छोटंसं झाकण. ते नखानं उघडलं की आत ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट आणि चित्र वरखाली धावू लागलं तर त्याला थोपवणारं बटण. झाकण उघडण्याचा अधिकार फक्त वडिलांचा. रविवारी सकाळी ‘रामायण’ लागलं की घर माणसांनी भरे, आणि नेमक्या वेळी राम वर सरकून खालून परत येऊ लागे. वडील उठत, गुडघ्यावर बसत, झाकण उघडत; श्वास रोखलेले. गोदोच्या चौथ्या आवृत्तीत प्रोजेक्ट सेटिंग्जच्या वर ‘अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज’ असा एक खटका आहे. बंद असेतोवर मोजक्याच ओळी दिसतात, चालू केला की रांगच्या रांग बाहेर येते. मला तो पाहताच ते झाकण आठवलं. इंटरफेस सुधारणारे लोक नवीन बटणं देतात असा माझा समज होता. त्यातल्या शहाण्यांचं बरंचसं काम झाकणाखाली काय जावं हे ठरवण्याचं असतं.

आणि ते ठरवणं सोपं नसणार. माझा संशय असा की प्रत्येक सेटिंग हे न मिटलेलं भांडण असतं. दोघांचं पटलं नाही, तेव्हा तिसऱ्यानं वैतागून चौकट काढून दिली: ज्यानं त्यानं आपलं ठरवा. ब्लेंडर या त्रिमिती चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्षानुवर्षं वस्तू निवडायला माउसचं उजवं बटण दाबावं लागे, २०१९च्या २.८० आवृत्तीत मूळ पसंती डाव्या बटणाला मिळाली, पण उजवं काढून टाकण्याची छाती कुणाची झाली नाही, ते सेटिंग्जमध्ये अजून आहे. युनिटी इंजिनात तर काळोख विकत मिळे. एडिटरचा गडद रंग पैसे भरणाऱ्यांना, फुकट्यांना पांढराधोप उजेड. २०२०मध्ये अंधार सर्वांना मोफत झाला. केनवडात तो आधीपासून मोफत आहे, पण ते असो. आमच्याही गावाचं एक सेटिंग १ जुलै १९९८ला बदललं. अकोला जिल्हा होता, वाशिम झाला. गाव जागचं हललं नाही, पत्त्यातली ओळ तेवढी हलली. आणि काही म्हाताऱ्यांच्या बोलण्यात तो वळलेला बाण पुढे कितीतरी वर्षं होता, जिल्ह्याला जातो म्हणत आणि अकोल्याच्या गाडीत बसत.

झडी उघडली तेव्हा खेळातला पोरगा नाला ओलांडू लागला होता. भाच्यानं तो खेळ पुण्यातल्या मित्राला पाठवला. मित्राचा निरोप आला: उडी झकास, पण तू म्हणत होतास ते मोठं अक्षर कुठंय? तेव्हा मला कळलं की गोदोत दोन वेगळ्या वह्या आहेत. गुरुत्वाकर्षण, पडद्याचा आकार, कुठल्या कळीनं उडी, हे प्रोजेक्टच्या फाइलीत राहतं आणि खेळाबरोबर जाईल तिथं जातं. अक्षर केवढं, रंग कुठला, हे एडिटरच्या फाइलीत, ज्याच्या त्याच्या यंत्रात. खेळ जगभर हिंडला तरी बनवणाऱ्याची बसण्याची रीत घरीच राहते.

हे मी बहिणीला सांगायला नको होतं. भाद्रपदात पोरगा शिकायला पुण्याला निघायचा होता आणि तिच्या डोक्यात आधीच उशी, गोधडी, झोपताना खिडकी कुठल्या बाजूला असावी, असलं सगळं घोळत होतं. "मंग तिथल्या कम्प्युटरवर याला पुन्हा सारं पहिल्यापासून लावा लागन?" तिनं विचारलं. भाचा म्हणाला, नाही, ती फाइल उचलून नेता येते. आणि त्यानं ती पेनड्राइव्हवर घेऊनही दाखवली. झडीभर लावलेलं बरंचसं त्या एवढ्याशा फाइलीत मावलेलं होतं. बहिणीनं पेनड्राइव्ह हातात घेऊन उलटसुलट पाहिली, लिंबाच्या लोणच्याचं तेल लागू नये म्हणून वेगळ्या पिशवीत घातली, पिशवीला गाठ मारली आणि म्हणाली, "याच्यात जागा उरली असन तं सांग, अजून काही घालाचं आहे."