इंजिनासाठी थंड हवेचं ठिकाण

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये एखाद्या गाडीचं बॉनेट उघडं दिसलं आणि आत कमरेपर्यंत वाकलेला माणूस दिसला, की सोसायटीचे दोन तट पडतात. एक तट ‘काय झालं?’ असं विचारतो, दुसरा काहीही न विचारता सल्ला देतो. पुण्यात सातारा रस्त्यावरच्या एका सोसायटीतले हे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले आणि गाडी १९९८ची मारुती ८००. गाडीला काही झालेलं नव्हतं आणि हेच त्यांचं दुखणं होतं. काही झालेलं नसताना ती खंबाटकीचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये, मागच्या ट्रकचे हॉर्न ऐकत चढत होती.

गृहस्थांनी निदान स्वतःच केलं : इंजिनाला हवा कमी पडते, आणि मिळते ती गरम.

निदानाला शास्त्राचा आधार होता, हे कबूल केलं पाहिजे. एक ग्रॅम पेट्रोल नीट जाळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. ८०० सीसीचं इंजिन तीन हजार आरपीएमला पूर्ण तोंड उघडून हवा ओढू लागलं, तर हिशेबाने मिनिटाला १२०० लिटर ओढतं. गच्चीवरची हजार लिटरची टाकी मिनिटाच्या आत रिकामी! त्यात बॉनेटखालची हवा सत्तर अंशांची आणि बाहेरची चाळीस अंशांची असेल, तर तेवढ्याच जागेत बाहेरची हवा सुमारे साडेनऊ टक्के जास्त मावते. वाटी तीच, पण एकीत मोकळा भात आणि दुसरीत मुदीसारखा दाबून भरलेला. आता इंजिनाला मूद वाढायची कशी, एवढाच प्रश्न उरला होता.

उत्तर बाथरूमच्या दुरुस्तीतून उरलेल्या तीन इंची पीव्हीसी पाइपच्या रूपाने माळ्यावर पडलं होतं. दोन एल्बो, अर्धं पाकीट एम-सील आणि एक होज क्लिप एवढ्या भांडवलावर पाइपचं एक टोक एअर फिल्टरच्या डब्याच्या सोंडेला जोडलं गेलं, दुसरं पुढच्या जाळीपाशी आलं. तोंडाशी हवा गोळा करायला काहीतरी पसरट हवं होतं. दुपारी स्वयंपाकघरातून हाक आली, “अहो, तेलाचं मोठं नरसाळं कुठं गेलं?” उत्तर आलं नाही.

या कल्पनेचे पूर्वज मोठे आहेत. १९६४ साली फोर्डने ड्रॅग शर्यतींसाठी फेअरलेन थंडरबोल्ट नावाची सात लिटर इंजिनाची गाडी काढली. तिच्या चार हेडलाइटपैकी आतले दोन काढून त्या भोकांतून कार्बोरेटरपर्यंत जाड नळ्या नेल्या होत्या. (आपल्याकडे रात्री हमरस्त्यावर एका दिव्याची कितीतरी वाहनं दिसतात. त्यांच्या मालकांनी थंडरबोल्टचा अभ्यास केला असावा.)

पण वाऱ्याच्या दाबाचं गणित कंजूष आहे. ताशी शंभर किलोमीटर वेगाला समोरून येणारी हवा पूर्ण अडवली, तरी दाब वाढतो तो वातावरणाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. या मारुतीत सदतीस घोडे. त्यांचा अर्धा टक्का म्हणजे एका घोड्याचं शेपूट आणि फार तर एक कान. हा दाब वेगाच्या वर्गाने बदलतो, म्हणजे वेग निम्मा झाला की दाब पाव होतो. घाटात, जिथे गरज होती, तिथे तीसच्या वेगाला पदरात पडते ती घोड्याच्या अंगावरची माशी. शिवाय बहुतेक गाड्यांत ही सोंड थंड हवेकडे तोंड करूनच बसवलेली असते. तिची जागा ठरवणारे इंजिनिअर पगार घेऊन तेच काम करत असतात.

तरीही गाडी जोरात पळतेय असं गृहस्थांना वाटलं आणि त्यात खोटेपणा नव्हता. फिल्टरचा डबा आणि त्याची सोंड हवा ओढण्याचा आवाज दाबायलाही असतात. वाट बदलली की ॲक्सिलरेटर दाबताच पुढून ‘घों’ असा घनगंभीर सूर येतो, आणि माणसाला ताकद कानाने कळते. हजारो रुपयांचे उघडे, शंकूसारखे फिल्टर याच सुरावर विकले जातात. त्यातले कित्येक बॉनेटखाली उघडेच बसतात आणि रेडिएटरच्या मागची तापलेली हवा पितात.

पुढच्या रविवारी बॉनेटची मागची बाजू वॉशर घालून बोटभर उचलली गेली, गरम हवा बाहेर जावी म्हणून. उभ्या गाडीत ती जातेही. गाडी वेगात असताना मात्र समोरच्या काचेच्या पायथ्याशी हवा आपटून दाब वाढतो आणि फटीतून हवा बाहेर पडण्याऐवजी आत शिरते. याच जागेतून इंजिनाला हवा पाजणारी बॉनेट शेव्हरलेने १९६९च्या कॅमारोला देऊ केली होती. गृहस्थांना नको असताना अमेरिकन तंत्र मिळालं, आणि त्याबरोबर केबिनमध्ये पेट्रोलचा वास.

मग पंख्याची पाळी आली. जुन्या कॉम्प्युटरमधला बारा व्होल्टचा पंखा, गाडीची बॅटरीही बारा व्होल्टची, पत्रिका जुळली. पंखा पाइपात बसला, फिरला, फुंकर लागली. पण वातावरणाचा दाब दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा असतो, आणि असा पंखा जो दाब निर्माण करतो तो त्याच मापाने दोन-तीन मिलिमीटर. या इंजिनात हवा खरोखर निम्म्या वातावरणाने जास्त दाबून कोंबायची, तर दीड-दोन किलोवॉट शक्ती लागते, म्हणजे बाथरूममधला गीझर. पंखा खातो दोन-तीन वॉट. इंजिन जोरात ओढू लागलं की तो मदत करायचा सोडून वाटेत उभा राहतो, लग्नाच्या पंगतीत हौसेने वाढायला आलेल्या पाहुण्यासारखा.

हवा कोंबणाऱ्या यंत्राची सुरुवातही मोटारीबाहेरच झाली. अमेरिकेत इंडियाना राज्यात रूट्स नावाच्या दोन भावांची लोकरीची गिरणी होती. त्यांनी १८६० साली ज्या ब्लोअरचं पेटंट घेतलं, तो भट्ट्यांना हवा पुरवू लागला आणि मोटारींच्या सुपरचार्जरमध्ये कितीतरी नंतर आला. इंजिनातून वाया जाणाऱ्या धुरावरच पंखा फिरवावा, हे स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५मध्ये पेटंटात मांडलं. तो आजचा टर्बो. १९१८ साली सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी नावाचं विमानाचं इंजिन कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या डोंगरावर, चौदा हजार फुटांवर नेऊन चालवलं. समुद्रसपाटीला साडेतीनशे घोड्यांचं हे इंजिन तिथे २३० घोड्यांवर आलं होतं. टर्बो लावल्यावर ३५६ भरले.

ही गोष्ट गृहस्थांना आधी कळली असती, तर महाबळेश्वरची सहल वाचली असती. थंड हवेच्या ठिकाणी इंजिन खूश होईल, असा त्यांचा होरा होता. पण महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे पंधरा टक्क्यांनी कमी असतो. गारव्यामुळे दोन-तीन टक्के परत मिळतात, बाकीचे जातात. माणसं तिथे ताजीतवानी होतात, टर्बो नसलेलं इंजिन मात्र धापा टाकतं.

बर्फाचा विचार रसवंतीसमोर सुचला. ड्रॅग शर्यतवाले दोन फेऱ्यांच्या मध्ये इंजिनावर बर्फाच्या पिशव्या ठेवतात, हे खरं आहे. त्यांची शर्यत पाव मैलाची, काही सेकंदांत संपणारी. या मारुतीला हवा चाळीसवरून दहा अंशांवर आणून द्यायची, तर ॲक्सिलरेटर तळाला दाबलेला असताना एक किलो बर्फ फार तर दहा मिनिटं पुरेल. साताऱ्यापर्यंत दोन तास धरले तर बारा किलो. मासळी नेत असाल तर हरकत नाही.

जूनच्या पहिल्याच पावसात गाडी सिग्नलला बंद पडली आणि ढकलत गॅरेजमध्ये गेली. मेकॅनिकने नरसाळ्याकडे बराच वेळ पाहिलं.

“काका, हे कशाला?”

“हवेला.”

“पाणी पण ह्यातूनच जातंय ना. फिल्टर भिजलाय नुसता, नशीब समजा.”

तो अतिशयोक्ती करत नव्हता. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पुरेसं पाणी सिलिंडरमध्ये गेलं की वर येणारा पिस्टन त्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तशा पुरात गाडी चालू ठेवली तर नेमकं हेच होतं. म्हणून साचलेल्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्टर मारून पाहू नये, असं सांगतात.

मेकॅनिकने डब्याचं झाकण उघडलं. दोन महिने हवा आणायची कशी यावर संशोधन चाललं होतं, पण हे झाकण कुणी उघडलं नव्हतं. फिल्टरच्या कागदी घड्यांत धुळीचा चिखल झाला होता आणि तळाशी उंदराने कापूस, सुतळी आणि कडुनिंबाच्या काड्या रचून छान बिऱ्हाड थाटलं होतं. नवा फिल्टर बसला. त्यानंतरच्या रविवारी गाडी खंबाटकी चढली, दुसऱ्याच गिअरमध्ये, पण यावेळी ट्रकच्या पुढे.

नरसाळं धुऊन स्वयंपाकघरात परत गेलं. तीन इंची पाइप, दोन एल्बोंसह, सोसायटीच्या पार्किंगमध्ये खांबाला टेकून ठेवलेला आहे. कुणाला हवा असल्यास घेऊन जावा.