दिवा हिरवा, तक्रार नामंजूर

संपूर्ण मोडलेल्या वस्तूविषयी माझे काही म्हणणे नाही. जी वस्तू एकदा बंद पडली की बंदच राहते, दुरुस्त करणारा येईपर्यंत निष्ठेने बंद राहते आणि तो आल्यावर त्याच्यादेखतही बंदच असते, तिच्या शीलाविषयी शंका घेण्यास जागा उरत नाही. तिचा पंचनामा होतो, तिला कोणी ना कोणी वाली भेटतो आणि यथावकाश तिच्या दुरुस्तीचे बिलही हाती पडते. खरा प्रश्न आहे तो घरातल्या वायफायसारख्या वस्तूंचा, ज्या धड चालत नाहीत आणि धड बंदही पडत नाहीत. ज्या रात्री आठ वाजता, थोरल्या चिरंजीवांची परदेशस्थ साहेबाबरोबरची बैठक ऐन रंगात आली असता प्राण सोडतात, आणि घरातल्या कोणी तक्रार नोंदवण्यासाठी फोन उचलला, की त्याचे पहिले वाक्य पुरे होण्याच्या आत पुनश्च सजीव होतात. पूर्वी एक दिवसाआड येणारा हिवताप वैद्यांना असाच चकवीत असे: वैद्य दारात आणि ताप पसार. पण त्या वैद्याने निदान रोग्याचा शब्द तरी खरा मानला असता.

आपल्याकडील तक्रारनिवारणाच्या दप्तरात अशा अधूनमधूनच्या बिघाडाला रकानाच ठेवलेला नाही. फोनवर प्रथम जी ध्वनिमुद्रित बाई बोलते, ती सेवा बंद असल्यास एक दाबा, सेवा मंद असल्यास दोन दाबा आणि बिलासंबंधी काही विचारावयाचे असल्यास तीन दाबा, असे मोजके मार्ग दाखवते; ‘मघाशी बंद होती, या क्षणी चालू आहे, आणि मी हा फोन ठेवताच पुन्हा बंद पडेल अशी मला साधार भीती वाटते’ या अवस्थेसाठी तिच्यापाशी अंक नाही. संगीताच्या बऱ्याच आवर्तनांनंतर जो सजीव तरुण भेटतो, तो मात्र अत्यंत सुशील असतो. “सर, आमच्या सिस्टिमला तर तुमची लाइन अप दाखवतेय,” असे तो इतक्या सांत्वनपर स्वरात सांगतो, की आपली लाइन चालू असूनही आपण उगाच दुःखी आहोत, हा दोष स्वभावाचा आहे आणि त्याची दाद इंटरनेटच्या कचेरीत लागणार नाही, असे क्षणभर आपल्यालाही वाटू लागते. मग तो आपल्या शास्त्रातले एकमेव औषध सुचवतो: “एकदा राउटर बंद करून तीस सेकंदांनी चालू करता का?”

या उपचाराची थट्टा मी करणार नाही, कारण त्याने गुण येतो. आणि गुण येतो हेच त्याचे वैगुण्य आहे. बंद करून चालू केलेला राउटर क्षणभर थंड होतो, डोक्यात साचलेला जुना गुंता विसरतो, आणि भोवतालची हवा नव्याने हुंगून त्यातल्या त्यात मोकळी वाट धरतो, त्यामुळे पुढचे काही तास त्याची वर्तणूक आदर्श असते. पण त्याच वेळी, आधी काय बिनसले होते याची जी काही टिपणे त्याच्या पोटात असतात, तीही पुष्कळ राउटरांच्या बाबतीत नाहीशी होतात. सरकारी खात्यात गैरव्यवहाराची कुणकुण लागताच संबंधित अंमलदाराची बदली करून चौकशी पूर्ण झाल्याचे जाहीर करण्याची जी वहिवाट आहे, तिचे इतके सुबक घरगुती रूप अन्यत्र आढळणार नाही: अंमलदार ताजातवाना होऊन रुजू, पुरावा नष्ट, आणि फिर्यादी संतुष्ट.

तरीही तक्रार चिकाटीने लावून धरली, तर एखाद्या दुपारी, म्हणजे बिघाड हमखास गैरहजर असण्याच्या वेळी, फायबरवाला मुलगा येतो. पाठीवर सॅक, हातात हेल्मेट, आणि बूट काढता काढताच त्याची जबानी सुरू होते: “काका, लॉस लाइट लाल होती का?” बाहेरून तारेतून येणारा प्रकाश राउटरपर्यंत पोहोचेनासा झाला, की हा दिवा लाल होऊन लुकलुकतो, तो लाल असणे हा या खटल्यातला एकमेव ग्राह्य पुरावा मानला जातो, आणि आमचा दिवा दुपारच्या वेळी कधीही लाल नसतो. मुलगा राउटरच्या पाठीतून पिवळी बारीक वायर उपटतो, तिचे टोक टीशर्टच्या कडेला पुसतो, एका लहानशा यंत्रात खुपसतो आणि पडद्यावरचा आकडा आपल्याला दाखवतो. “पॉवर मायनस एकवीस येतेय काका, एकदम ओके.” उणे एकवीस असूनही सर्व आबादीआबाद असणारा दुसरा कोणताही ताळेबंद मी पाहिलेला नाही, पण प्रकाशाच्या या हिशेबात उणे सत्तावीसच्या आसपास येईपर्यंत कोणी चिंता करत नाही, हे खरे आहे.

या मुलाविषयी माझ्या मनात आदरच आहे, कारण साऱ्या यंत्रणेत डोळ्यांनी पाहणारा तो एकटाच. टीव्हीच्या मागे, वायर दिसू नये या सौंदर्यदृष्टीने कोणीतरी तिचे वेटोळे करून त्याला रबरबँड आवळलेले असते, ते तो मुकाट्याने सोडतो. त्या वायरीच्या गाभ्यात अवघ्या नऊ मायक्रॉन जाडीची काच असते. तिला फार वाकवले, तर तीतून धावणारा प्रकाश वळणावर बाहेर सांडतो आणि उणे एकवीसचे उणे अठ्ठावीस व्हायला वेळ लागत नाही. असा एखादा खरा दोष त्याने काढला, तरी त्याची नोंद कोठेच होत नाही, कारण त्याच्या दिवसाचा हिशेब निकाली काढलेल्या तक्रारींवर ठरतो, सापडलेल्या कारणांवर नव्हे. सॅक पाठीला लावत तो म्हणतो, “आमच्याकडून ओके आहे काका, पुढचं तुमच्या वायफायचं आहे. तेवढा ओटीपी सांगता?” आपण चार आकडे सांगतो, आणि तक्रार समाधानकारकरीत्या निकाली निघाल्याचा संदेश तो जिना उतरण्याच्या आत आपल्या फोनवर येऊन थडकतो.

‘पुढचं तुमच्या वायफायचं’ या तीन शब्दांत कंपनीने आपली हद्द इतक्या नेमकेपणाने आखली आहे, की भूमापन खात्याने तीपासून धडा घ्यावा. काचेतला प्रकाश तिचा; तो राउटरच्या पोटात शिरून लहरींच्या रूपाने हवेत पडला, की पुढची जबाबदारी गृहस्थाची. मोबाइलच्या दुकानदाराला विचारावे, तर त्याच्या मते मोबाइल उत्तम असून दोष नेटवर्कचा. वायरमनला विचारावे, तर दोष अॅडॉप्टरचा. आणि अॅडॉप्टर बदलून आणावा, तर नवा अॅडॉप्टर जुन्याचीच परंपरा निष्ठेने पुढे चालवतो. राहता राहिली हवा. ती कोणाची, हा प्रश्न दिसतो तितका काव्यात्म नाही.

एके काळी हवा सरकारची होती. १९३३ च्या बिनतारी संदेशवहनाच्या कायद्याने परवान्यावाचून बिनतारी यंत्र बाळगणे हा गुन्हा ठरवला होता, आणि घरात साधा रेडिओ ठेवायचा तर टपाल कचेरीत पैसे भरून त्याचा परवाना घ्यावा लागे, हे ज्यांनी केले ते लोक अद्याप आपल्यात आहेत. मग २००५ साली सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांकरिता परवानामुक्त केला. परंतु तो करताना अशी एक तरतूद घातली, की तिच्या मसुदाकाराला मी मनोमन मुजरा करतो. या पट्ट्यात कोणी कोणाला उपद्रव देऊ नये, कोणी कोणाच्या उपद्रवापासून संरक्षण मागू नये, आणि कोणी आपला स्वतंत्र हक्क सांगू नये, असा तिचा आशय आहे. सारांश, शेजाऱ्याचा राउटर माझ्या दिवाणखान्यात शिरला, तर मी फिर्याद करू शकत नाही, आणि माझा त्याच्या शयनगृहात शिरला, तर तोही करू शकत नाही. परस्परांचा उपद्रव मुकाट्याने सोसावा, हा महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांचा अलिखित नियम केंद्र शासनाने प्रथमच लेखी स्वरूपात मान्य केला, तो असा.

कलकत्त्यात १८९५ साली जगदीशचंद्र बोस यांनी जाहीर प्रयोगात अशाच अदृश्य लहरी भिंतींच्या आरपार पाठवल्या आणि पलीकडे घंटा वाजवून, बंदुकीची दारू उडवून प्रेक्षकांना थक्क केले. सव्वाशे वर्षे लोटल्यानंतर आमच्या लहरी दिवाणखान्यातून मागच्या खोलीत जाताना मधल्या पोलादी कपाटापाशी दम टाकतात, ही अधोगती नव्हे काय, असे कोणी विचारील. पण बोसांना एक सोय होती: त्या दिवशी साऱ्या कलकत्त्यात त्यांच्या लहरींच्या वाटेत यायला दुसरा कोणी लहरी सोडत नव्हता. आमच्या इमारतीत संध्याकाळी मोबाइल उघडून पाहावे, तर नेटवर्कांच्या नावांची यादी बोटाने सरकवता सरकवता संपत नाही. त्यांत आडनावे आहेत, कुलदैवते आहेत, आणि ‘पासवर्ड मागू नये’ अशा शब्दांत व्यक्त झालेले शेजारप्रेमही आहे. हे सारे राउटर मोठे सभ्य असतात: हवेत दुसरा बोलत असेल तर थांबावे, तो थांबला की आणखी क्षणभर वाट पाहावी आणि मगच तोंड उघडावे, असा त्यांना दंडक आहे. इतके सभ्य लोक एकाच जागी जमले म्हणजे कोणाचेच बोलणे पुरे होत नाही, हे आठच्या सुमारास प्रत्ययास येते.

असभ्य एकच, आणि तो स्वयंपाकघरात असतो. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे नेमक्या याच पट्ट्यातल्या लहरींनी आमटी गरम करतो. त्या त्याच्या पोटात कोंडलेल्या असल्या, तरी दाराच्या फटीतून ज्या किंचित निसटतात त्याही राउटरच्या कुजबुजीपुढे ढोलताशासारख्या असतात, आणि समोरचा बोलत असताना थांबण्याचा शिष्टाचार त्याला कोणी शिकवलेला नाही. आठ वाजता अमेरिका बैठकीला बसते आणि आठ वाजताच आमच्याकडे आमटी गरम होते, या दोन घटनांचा परस्परसंबंध लावण्यास कंपनीचा कोणताही अभियंता आजवर पुढे आलेला नाही.

यावर उपाय आहे, आणि तो इतका साधा आहे की कोणी सुचवत नाही. हातभर लांबीची लॅन केबल आणावी, ती राउटरमधून सरळ लॅपटॉपला जोडावी आणि बिघाडाची वाट पाहत बसावे. तारेवरचे इंटरनेट आणि हवेतले वायफाय दोन्ही एकदम गेले, तर दोष बहुधा बाहेरचा: महापालिकेने नव्या डांबरावर नवा खड्डा काढला असून त्यात कोणाची तरी फायबर तुटली आहे, असे समजावे. तारेवर सुरळीत आणि हवेत ठप्प असेल, तर दोष घरातला. मग राउटर टीव्हीखालच्या कपाटातून, त्यावर घातलेला क्रोशाचा रुमाल दूर करून, बाहेर काढावा, उंच जागी, घराच्या मध्याच्या जवळ ठेवावा, आणि जवळच्या खोल्यांपुरता तरी ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरावा. त्याला भिंतींचे वावडे असले, तरी त्यात गर्दी कमी आणि आमटीचा उपद्रव मुळीच नाही. ही चाचणी ग्राहकांना कोणी सांगत नाही, याचे कारण उघड आहे. तिने दोष सापडतो, आणि दोष सापडला की तो कोणाच्या तरी हद्दीत येतो.

आमच्या संस्थेत हा विषय यंदाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ‘आयत्या वेळचे विषय’ या सदराखाली आला. दुसऱ्या मजल्यावरील एका तरुण अभियंत्याने उभे राहून सांगितले, की २.४ च्या पट्ट्यात एकमेकांना धक्का न लावणारी चॅनेले तीनच आहेत, १, ६ आणि ११. तेव्हा मजलेवार आळीपाळीने तीच वाटून घेतली, तर सर्वांचीच काही सोय होईल. सूचना इतकी निरुपद्रवी होती, की तिला विरोध होणार हे उघडच होते. अध्यक्षांनी १ हा क्रमांक पदसिद्ध मानावा असे सुचवले. एका निवृत्त लेखापालांनी ११ घेणाऱ्यांकडून मेंटेनन्स जास्त वसूल करणार काय, असा खुलासा मागितला. भाडेकरूंना चॅनेल द्यावे की घरमालकाच्या नावे ठेवावे, यावर अर्धा तास गेला. शेवटी तळमजल्यावरचे एक सभासद म्हणाले, की आपला शुभांक ९ आहे, गाडीच्या नंबराची बेरीजही ९ येते, आणि आपण ९ सोडून दुसरे चॅनेल लावणार नाही. ९ लावले तर ६ आणि ११ या दोन्हींवर गदा येते, हे अभियंत्याने फळ्यावर आकृती काढून दाखवले. त्यावर “मग त्यांनी सरकावं,” असे उत्तर आले, आणि पार्किंगच्या जागांचा वाद मिटेपर्यंत चॅनेलवाटपाचा विषय तहकूब ठेवावा, असा ठराव एकमताने संमत झाला.