इनडायरेक्टवाले सर

तालुक्याच्या गावी एसटी स्टँडमागे, झेरॉक्सच्या दुकानावरच्या जिन्याशी चपलांचा ढीग दिसला की समजावं, वर इंग्रजीचे सर आहेत आणि आज डायरेक्ट-इनडायरेक्ट चालू आहे. टेबलावर पुठ्ठा सुटलेलं रेन अँड मार्टिन. त्यातले रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होते आणि 1924 साली त्यांची 'बो जेस्ट' ही साहसी कादंबरी आली, हे सरांना सांगून पटत नाही. व्याकरणवाला माणूस असले धंदे कशाला करील?

फळ्यावर वाक्य पडतं: राम सेड, "आय ॲम ईटिंग अ मँगो."

"राम आंबा कधी खातोय?"

"आत्ता, सर!"

"गाढवा, 'सेड' दिसत नाही? 'ॲम'चं 'वॉज' कर, 'आय'चा 'ही' कर. आंब्याला हात लावू नकोस."

मग सगळंच एकेक घर मागे सरकतं. 'ईट्स'चं 'एट', 'एट'चं 'हॅड ईटन', 'विल'चं 'वुड', 'टुमारो'चा 'द नेक्स्ट डे'. मुळातच 'हॅड ईटन' असेल तर? सर क्षणभर थांबतात. "मागे जागाच नाही. राहू दे तिथंच."

अपवाद फक्त पृथ्वीला. 'दि अर्थ मूव्ज राउंड द सन'चं कुणी 'मूव्ड' केलं, तर सर खिडकीबाहेर बोट दाखवून विचारतात, "का, आता थांबली?" 'हुर्रे' आलं की पोरं न वाचताच 'एक्स्क्लेम्ड विथ जॉय' लिहितात, 'अलास'ला 'विथ सॉरो'. एवढ्या छापील आनंदानं जगात कुणी मॅच जिंकली नसेल.

वास्तविक, बोललेली गोष्ट अजून खरी असेल तर इंग्रज माणूसही काळ खुशाल तसाच ठेवतो. 'शी सेड शी इज कमिंग टुमारो' हे वाक्य आजच सांगायचं असेल, तर त्यात काही चूक नाही. सर मात्र त्यावर लाल पेनानं आडवी रेघ ओढतात.

आणि हेच सर घरी जाऊन बायकोला सांगतात, "दूधवाला उद्या येणार नाही म्हणाला." दूधवाल्याचं वाक्य जसंच्या तसं उचललं, मागे 'म्हणाला' डकवलं, काम झालं. मराठीत 'म्हणाला' आलं म्हणून कुणी काळ मागे ढकलत नाही. सरांच्या हे कधी ध्यानात येत नाही.

नियमाचा चटका त्यांना बसतो तो फीच्या बाबतीत. पालक म्हणतात, "पुढच्या महिन्यात देतो." सर वहीत इंग्रजीत टिपून ठेवतात: ही सेड दॅट ही वुड पे द फॉलोइंग मंथ. तेव्हापासून तो महिना फॉलोइंगच राहतो.

बारावीच्या पेपरात हा प्रश्न बहुधा एकाच मार्काला असतो. पण सरांच्या पोरांचा तो मार्क सहसा जात नाही.