तात्यांची डी

दहिवडी, म्हसवड, आटपाडी, कुठल्याही एस.टी. स्टँडाजवळ 'फोटो स्टुडिओ, झेरॉक्स, फ्लेक्स, ऑनलाइन सातबारा' अशी पाटी दिसली की आत तात्या असतातच. नाव निराळं असेल, पण कॉम्प्युटर तोच. कॅबिनेटचा एका बाजूचा पत्रा काढलेला आणि टेबलफॅन आत रोखलेला. कारण सांगायचं ते उन्हाचं, पण गिऱ्हाइकाला आतलं दिसावं हा खरा हेतू.

"दोन हार्डडिस्क हायत," तात्या कुणी न विचारता सांगतात. "पार्टिशन न्हवं. दोन. येगयेगळ्या."

पार्टिशनवाल्यांचा त्यांना मनापासून तिटकारा. एकाच डिस्कचे सी आणि डी असे दोन तुकडे पाडून निर्धास्त झोपणारा माणूस म्हणजे, त्यांच्या मते, एकाच विहिरीत दोन मोटारी सोडून 'माझ्या दोन विहिरी' म्हणून मिरवणारा. विहीर आटली की दोन्ही मोटारी हवाच ओढणार. दुष्काळी माण तालुक्यात हे कुणाला फोड करून सांगावं लागत नाही.

तात्यांची मांडणी अशी : २५६ जीबीच्या एसएसडीवर विंडोज, १ टीबीच्या डिस्कवर लग्नं. विंडोज बसलं तरी नवरी शाबूत. तत्त्व म्हणून बिनचूक आहे, हे कबूल केलंच पाहिजे. एसएसडीलाही ते हार्डडिस्कच म्हणतात, तेवढं सोडून द्यावं.

ती १ टीबी विंडोजनं ९३१ जीबीच दाखवली तेव्हा तात्या भांडायला थेट साताऱ्याला गेले. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या, हे दुकानदारानं कागदावर आकडेमोड करून पटवलं. तात्यांनी मान डोलावली आणि "म्हंजी मापात पाप" असा शेरा मारून परतीची गाडी धरली. आता ड्राइव्ह सीपासूनच का सुरू होतात, असं एखाद्या पोरानं विचारलं तर तात्याच समजावतात : "ए आन् बी फ्लॉपीच्या नावावर हुत्या. फ्लॉपी मेली, वारसनोंद कुनी केलीच न्हाई."

परवा एकजण म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथाचे जुने फोटो मागायला आला. तात्यांनी डेस्कटॉप उघडला. न्यू फोल्डर, न्यू फोल्डर २, फायनल, नवीन फायनल, अण्णा लग्न फायनल खरं. मागचं वॉलपेपर दिसायचं केव्हाच बंद झालेलं. डेस्कटॉपवरचं सगळं सी ड्राइव्हमध्येच साठतं, हे ठाऊक असलेल्या त्या गिऱ्हाइकानं भीत भीत विचारलं, "आणि डीमध्ये काय?"

तात्यांनी अभिमानानं डी उघडून दाखवली. स्वच्छ, कोरी, ९३१ जीबी.

"आवो, मोकळीच की ही!"

"मग? रोज वापरून संपवायची व्हय? अडीनडीला राखून ठेवलीया."

एवढ्यात सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली. तात्यांनी कुणाच्या तरी जावळाचे फोटो पुसून जागा केली आणि ते वाढदिवसाच्या फ्लेक्सला बसले.