त्रेपन्नावा दरवाजा

"मामा, वेस्टगेट ओपन केलाय!"

भाच्याचा हा फोन आला तेव्हा मी दुधावर लक्ष ठेवून गॅसपाशी उभा होतो. म्हटलं, "ते केव्हापासून उघडंच आहे की. मकई गेट. रोज माणसं ये-जा करतात."

यात माझी काय चूक? बावन्न दरवाजांच्या गावात जन्म गेला. उत्तरेला दिल्ली गेट, पूर्वेला जालना, दक्षिणेला पैठण आणि पश्चिमेला मकई, हे आम्हाला पाढ्यांबरोबर पाठ. पश्चिमेचं ते वेस्ट गेट.

"ते वेस्ट नाही हो! वाया जातं ते वेस्ट."

हा शब्द दाजींनी भाच्याबद्दल पूर्वीच वापरला होता, त्यामुळे लगेच समजला. तोवर दूध उतू गेलं होतं.

२०१० साली आमच्या गावातल्या मंडळींनी एका दमात दीडशे मर्सिडीज घेतल्या. आमच्या घराण्यात तेव्हा एक लूना होती, तीही उतारावरच चालणारी. त्याची भरपाई म्हणून भाच्यानं सेकंडहँड टर्बो पेट्रोल गाडी घेतली आणि पगार झाला की तो थेट गॅरेजवाल्या चाचांच्या हातावर ठेवू लागला. 'ओपन' म्हणजे काय केलंय ते बघायला मी गेलो, तर चाचांनी मलाच विचारलं, "पनचक्की देखे ना?"

देखे तर! डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेलं पाणी खालच्या पात्यांवर पडतं, पाती फिरतात आणि त्याच दांड्यावर वरचं जातं फिरतं. चाचा म्हणाले, टर्बो म्हणजे तेच, फक्त पाण्याच्या जागी धूर. इंजिनातून निघालेला तापलेला धूर एका बाजूची पाती फिरवतो. त्याच दांड्यावर पलीकडे बसवलेली पाती ताजी हवा दाबून इंजिनात कोंबतात. हवा जास्त, पेट्रोल जास्त, जोर जास्त. जातं आपलं दमानं फिरतं, ही पाती मिनिटाला लाखभर गिरक्या घेतात.

घोळ पुढेच आहे. जोर वाढला की धूर वाढतो, धूर वाढला की पाती आणखी पिसाळतात. हे असंच चालू राहिलं तर इंजिनाचे तीनतेरा. म्हणून पात्यांच्या अलीकडे एक झडप असते. कोंबलेल्या हवेचा दाब एका बारीक नळीतून झडपेच्या पडद्यावर येतो. तो ठरल्यापेक्षा वाढला की स्प्रिंग दबते, दार उघडतं आणि जादा धूर पात्यांना वळसा घालून निघून जातो.

"किती दाबाला उघडतं?"

"एक बार, मामा! साडेचौदा पीएसआय!"

"आपण टायरमध्ये बत्तीस भरतो की रे."

भाचा पंधरा मिनिटं माझ्याशी बोलला नाही.

कंपनीच्या गाडीत हा जादा धूर मुकाट्यानं पुढच्या पायपात मिसळतो आणि सायलेन्सरमधून बाहेर पडतो. चाचांनी मात्र वेगळी झडप बसवून तिला वीतभर पाइप जोडला होता, तोंड थेट रस्त्याकडे. आमच्याच घरातलं सांगायचं तर ताईचं कंपनी फिटिंग आहे: राग आला की स्वयंपाकघरात दोन भांडी वाजतात, संपलं. दाजींचं ओपन; ते गॅलरीत येतात.

"म्हणजे पोरं गाडीतून फुस्स करतात ते?" ताईनं विचारलं. भाच्याला हा अपमान वाटला. फुस्स म्हणजे पेट्रोलवरचा पाय उचलल्यावर सुटणारी नुसती हवा. वेस्टगेट पाय पूर्ण दाबल्यावर किंचाळतं. आता आमच्या सिडकोच्या गल्लीत पन्नास पावलांवर गतिरोधक. पाय दाबणार कुठे? एवढा खर्च करून गाडी गल्लीत गरीब गाईसारखी यायची. शेवटी बीड बायपासला तिनं कंठ मोकळा केला आणि पुढच्याच चौकात हवालदारानं शिट्टी मारली.

"सायलेन्सर फाटलाय तुझा."

"नाही साहेब, सायलेन्सर नवाकोरा आहे. धूर त्यात जातच नाही."

इतका प्रामाणिक गुन्हेगार त्यांनी पाहिला नसावा. गाडीच्या मूळ रचनेत फेरफार, मोटार वाहन कायदा, कलम ५२. आवाजाचं आणखी वेगळं.

तरीही त्या रविवारी भाचा मला दौलताबादच्या घाटात घेऊन गेला. चढ लागला, त्यानं पाय दाबला आणि गाडी अशी किंचाळली की मी दरवाजाची कडी धरली. दुसऱ्या वळणावर आवाज अचानक बंद झाला, गाडीनं एक उसळी मारली आणि मग जीवच सोडला. मागून वेरूळची एसटी आली आणि आम्हाला ओलांडून गेली. खिडकीतल्या एका आजोबांनी हात हलवला.

बॉनेट उघडलं. ती बारीक नळी निसटली होती. दाबाची वर्दीच पोचेना, म्हणून झडप उघडेना, दाब भलता चढला आणि गाडीतल्या संगणकानं घाबरून ताकद काढून घेतली.

"त्या एसटीलाही टर्बो असणार, मामा," भाचा नळी चाचपत म्हणाला. "वेस्टगेटपण."

"मग ओरडली का नाही?"

"ती आत सोडते ना."

नळी बांधायला काही नव्हतं. वळणावर एक मावशी पेरूची टोपली घेऊन बसल्या होत्या, त्यांच्याकडे सुतळी मागितली.

"मगाशी वरडली ती तुमचीच का?" मावशी म्हणाल्या. "म्या म्हनलं कुनाचं लेकरू हिरीत पडलं."

सुतळीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. पेरू मात्र दोन किलो घ्यायला लावले.